थोरलीचं नाही

उन्हाळा असा चढला होता, की शेडच्या पत्र्यावर पाणी मारलं तर ते खाली ओघळायच्या आत वाळून जायचं. आत कंपनीने वाढवायला दिलेले पक्षी होते, ब्रॉयलर कोंबड्या. मुठीएवढी पिल्लं म्हणून आलेले, आता दोन हातांनी उचलावे लागतील इतके जड झालेले. कंपनीची गाडी माल उचलायला येण्याची वेळ आता तोंडावर आली होती आणि हेच दिवस सगळ्यात वाईट. वजन धरलेल्या पक्ष्याला ऊन सोसत नाही. तो पंख फाकवतो, चोच उघडी टाकतो आणि धापा टाकायला लागतो. पंखे थांबले की घाबरून एकाच्या अंगावर एक चढतात, कोपऱ्यात ढीग होतो, आणि ढिगाखाली सापडलेला पक्षी पुन्हा उठत नाही.

म्हणून दुपारभर शेडच्या दोन्ही बाजूंची गोणपाटं भिजवत राहायचं. एक बाजू आईने पाइप घेऊन धरली होती. दुसरी तिने थोरलीला सांगितली होती.

थोरलीला चौदावं लागलं होतं. अंगाने काटक, उंचीने आईच्या कानाला लागलेली. पळता पक्षी एका झेपेत धरावा तर तिनेच. मास्तरांच्या चालण्याबोलण्याची नक्कल करायची तेव्हा घरातली माणसं पोट धरून हसायची. पण त्याला आता वर्ष होऊन गेलं होतं.

ती टाकीच्या सावलीत पाय पसरून बसली होती.

"ऊठ गं, तिकडची गोणपाटं वाळली सगळी."

"नाही."

"काय नाही?"

"नाही म्हणजे नाही. ऐकू कमी येतं का तुला?"

हे 'नाही' आळसाचं नव्हतं. आळशी माणूस नाही म्हणताना एखादं निमित्त तरी शोधतो, पोट दुखतं म्हणतो, पायात काटा गेला म्हणतो. थोरलीने काही शोधलं नाही. ती आईच्या तोंडाकडे टक लावून बघत होती, चुलीत काडी सरकवून आता कधी पेटते ते बघावं तशी.

आईने पाइप ओढत दुसऱ्या बाजूला नेला. तेवढ्यात खाद्याचं पोतं पाठीवर घेऊन बाप आला. "काय झालं?"

"काही नाही. मीच मारते इकडे पण पाणी, जाता जाता."

पण बापाने ऐकलं होतं. त्याने पोतं टाकलं, टाकीजवळ पडलेला पाइपचा तुकडा उचलला आणि थोरलीला दंडाला धरून उभं केलं. चार तडाखे पोटऱ्यांवर बसले. आत पक्षी बिथरून कलकलले. थोरलीने दात आवळले, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. बापाचा हात थांबला तेव्हा तो धापा टाकत होता, ती नव्हती.

"झालं?" तिने विचारलं. "का अजून शिवशिवतोय हात?"

संध्याकाळी जेवताना बाप म्हणाला, "वय आहे. या वयात गाढवाला पण लाथा सुचतात. बसले दोनचार रट्टे की येईल सुतासारखी सरळ." त्याने मोठा घास घेतला आणि चावत राहिला. स्वतःचीच समजूत काढल्यासारखं ते बोलणं होतं.

दुसऱ्या दिवशी बापाच्या चपला सापडेनात. सापडल्या त्या पक्ष्यांच्या पिण्याच्या टाकीत, तळाला, दगड बांधून बुडवलेल्या. शेणामातीने भरलेल्या चपला. टाकी सगळी रिकामी करावी लागली. तेवढा वेळ आत पक्षी कोरड्या भांड्यांवर चोची आपटत राहिले.

"मला काय माहीत?" थोरली म्हणाली. "धाकट्याने टाकल्या असतील."

धाकटा सात वर्षांचा. टाकीच्या काठाला त्याचा हातसुद्धा पुरत नव्हता. तो आईच्या मागे जाऊन उभा राहिला.

*

शाळेतून बोलावणं आलं. आई हात धुऊन, बरं लुगडं नेसून गेली, तरी अंगाला पक्ष्यांचा वास येतोच. हेडमास्तरांच्या खोलीत ती खुर्चीच्या अगदी कडेला बसली. थोरली भिंतीला टेकून उभी होती.

हेडमास्तर माणूस सभ्य होता. आवाज न चढवता त्याने सांगितलं. वर्गातल्या एका मुलीची वेणी कात्रीने कापली. बाईंनी जाब विचारला तर त्यांच्या पाण्याच्या बाटलीत थुंकली. पहिलाच प्रकार असता तर बोलावलं नसतं, म्हणाला.

"त्या पोरीने आधी चिडवलं मला," थोरली म्हणाली. "आणि बाई मुद्दाम माझ्यावर खार खातात."

"घरी कशी वागते?" हेडमास्तरांनी आईला विचारलं.

आईच्या डोळ्यांसमोर टाकीतल्या चपला आल्या. पण पोटचं पोर चारचौघांत उघडं कसं पाडायचं?

"घरी चांगली वागते हो," ती म्हणाली. "कामाला हात लावते. भावाला सांभाळते."

हेडमास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग आमच्याशीच असं का?"

आईने मान खाली घातली. वर बघितलं तर थोरली हसत होती, ओठांच्या एका कोपऱ्यातून.

परतीच्या वाटेवर ती पुढे चालत होती. एकदम वळून म्हणाली, "खोटं बोललीस."

"तुझ्यासाठीच बोलले ना?"

"मी सांगितलं होतं का?"

आई तिथेच उभी राहिली. पायाखाली फुफाटा तापला होता. वाटलं, हिच्या कानाखाली वाजवावी, किंवा हिला पोटाशी धरावं. दोन्हींतलं काही झालं नाही. थोरली बरीच पुढे निघून गेली होती.

घराशेजारी शिंपीण राहायची. शाळेचे कपडे शिवायची, गावातल्या बायकांचे झंपर शिवायची. आईचा फाटलेला झंपर तिच्याकडे पडला होता म्हणून आई तिच्या दारात गेली, तर आत धुमश्चक्री चाललेली. शिंपिणीची पोर थोरलीच्याच वयाची, तिच्या वर्गातली. तिला मैत्रिणीकडे राहायला जायचं होतं आणि शिंपीण नको म्हणत होती.

"तू ना, माझी आई नाहीसच! वैरीण आहेस!" पोर किंचाळली. तिने दार असं आपटलं की वरची माती पडली.

"आपट, आपट! बापाने सोन्याचं बसवलंय दार!" शिंपिणीने मशीनवरून मान न उचलता ओरडून सांगितलं. आईकडे वळून म्हणाली, "बघा हो, ही आजकालची पोरं. तुमची पण अशीच ना? घरोघरी मातीच्या चुली."

आई मान हलवणार होती. आधार वाटला असता. तोच आतलं दार किलकिलं झालं, पोर बाहेर आली. नाक लाल झालेलं. मशीनशेजारी येऊन उभी राहिली, शिंपिणीच्या पाठीला पाठ लावली आणि म्हणाली, "परवा तरी जाऊ का?"

"बघू. आधी ती बटणं लाव."

पोरीने बटणांचा डबा घेतला. सुईत दोरा ओवता ओवता शिंपिणीच्या बोलण्याला फुसकन हसली पण.

आई झंपर न घेताच परत आली. दारात थांबून तिने आपल्या घरात डोकावलं. थोरली पलंगावर पडून छताकडे बघत होती. तिला काय हवं होतं? मैत्रिणीकडे जायचं होतं? नवा कपडा हवा होता? आई आठवत राहिली. गेल्या कित्येक महिन्यांत तिने काही मागितलंच नव्हतं. हट्ट कशासाठी तरी असतो. हिचा कशासाठी आहे?

त्या रात्री ती नवऱ्याला काही बोलली नाही. बोलली असती तर त्याने पाइपचा तुकडाच शोधला असता.

*

बापाला तालुक्याला जावं लागलं. कंपनीने गाडी लांबवली होती, खाद्य संपत आलं होतं, आणि उन्हासाठी पाण्यातून द्यायची पावडर गावात मिळत नव्हती. निघताना त्याने आईला बजावलं, "शेड सोडून हलू नकोस. लाईटचा भरवसा नाही. गेली की लगेच जनरेटर."

तो गेला आणि आईने धाकट्याला जेवायला हाक मारली. धाकटा डाव्या हाताने जेवायला लागला.

"उजवा कुठाय?"

त्याने तो पाठीमागे नेला. आईने ओढून पुढे घेतला. तळवा लाल नव्हता, पांढरा पडला होता. मधोमध फोड येऊन फुटला होता, कडेने लस वाहत होती. बोटं सुजून शेंगांसारखी झाली होती.

"अरे देवा! कधी झालं हे?"

"काल. पत्र्याला हात लागला."

"आणि सांगितलं नाहीस?"

धाकट्याने ताटाकडे बघितलं.

आईने अंगणात येऊन बघितलं. ऊन डोक्यावर यायला अजून अवकाश होता. सरकारी दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला, जायला-यायला फार तर तासभर. पोराचं अंग कढत लागत होतं. शेडमध्ये पंखे सुरळीत फिरत होते. टाकीपाशी थोरली बसली होती.

"ये इकडे," आई म्हणाली. तिने तिला जनरेटरपाशी नेलं. "लाईट गेली तर एवढी चावी फिरवायची आणि हा खटका वर करायचा. तुला येतं ना?"

"लहानपणापासून येतं."

"मग करशील?"

थोरलीने हात पुढे केला, आईने त्यावर चावी ठेवली. ठेवताना आईचा हात क्षणभर अडला, आणि थोरलीने ते बघितलं.

दवाखान्यात नर्सबाई एकट्याच होत्या. पन्नाशीच्या, जाड, बोलायला फटकळ. बाळंतपणं करून करून गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी उघडंनागडं बघितलेलं, त्यामुळे कुणाची भीड बाळगायच्या नाहीत. त्यांनी धाकट्याचा हात धरला, उलटा केला, सुलटा केला.

"काय लागलं म्हणतोस?"

"पत्रा."

"पत्रा तापलेला असला की हात लागल्याबरोबर माणूस ओढून घेतो, राजा. बोटांची टोकं भाजतात. तुझा अख्खा तळवा भाजलाय." त्यांनी त्याच्या मनगटाकडे बघितलं. तिथे चार निळसर ठसे होते. "हात कुणीतरी दाबून धरला होता."

"ताईने नाही केलं," धाकटा म्हणाला.

ताईचं नाव कुणी काढलंच नव्हतं.

खोलीत फक्त डोक्यावरचा पंखा करकरत होता. नर्सबाईंनी जखम धुवायला घेतली. पोरगं ओठ चावत बसलं. त्या आईकडे न बघता एकेक विचारत गेल्या. स्वर हळद-मिठाचा भाव विचारावा तसा साधा.

"कधीपासून चाललंय?"

"गेल्या उन्हाळ्याच्या आधीपासून."

"घरातच?"

आई घुटमळली. "शाळेत पण."

"चूक झाली म्हणते कधी?"

"नाही. कायम दुसऱ्याच्या अंगावर ढकलते."

"डूख धरते? मुद्दाम दुखावते?"

"हो."

"एखादा दिवस बरा जातो की नाही?"

आईने आठवून बघितलं. "मागे जायचा. आता नाही."

नर्सबाईंनी पट्टीचं टोक फाडलं, गाठ मारली. मग पहिल्यांदा वर बघितलं. "घरात तिला कोण घाबरतं?"

आई 'कुणी नाही' म्हणणार होती. विळी तिने कपाटावर कधी ठेवायला सुरुवात केली होती? धाकट्याचं अंथरूण आपल्या आणि भिंतीच्या मध्ये कधी आलं? स्वयंपाक करताना ती थोरलीच्या पावलांकडे कान देऊन असायची. पावलं जड वाजली की धाकट्याला काहीतरी काम सांगून बाहेर पाठवायची. नवरा सुद्धा घरात शिरताना आधी दारातून अंदाज घ्यायचा. हे कुणी ठरवलं नव्हतं. वाऱ्याने झाड कलावं तसं सगळं घर त्या पोरीपासून कललं होतं.

"आम्ही सगळेच," ती म्हणाली.

"मग हे वयाचं नाही, बाई. वयाचं असतं ते येतं आणि जातं. हे दाखवायला पाहिजे. जिल्ह्याच्या दवाखान्यात मुलांच्या मनाची डॉक्टर बसते, बुधवारी. मी कळवते तिला."

आई काही बोलणार, तोच डोक्यावरची करकर मंदावली. पंख्याची पाती वेगवेगळी दिसायला लागली. एक फेरी, अर्धी फेरी. मग थांबलीच.

आई उठली. "याला इथे राहू द्या," एवढं बोलली आणि धावत सुटली.

*

बांधावरून, काट्याकुट्यातून ती धावली. चप्पल तुटली ती तिथेच टाकली. शेडचा पत्रा लांबून चकाकताना दिसला. जनरेटरची घरघर ऐकू यायला हवी होती. येत नव्हती. थोडं जवळ गेल्यावर येईल, वारा उलटा असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. चिंचेखाली आली तरी आवाज नाही.

थोरली जनरेटरच्या शेजारीच बसली होती. गुडघे छातीशी, चावी मुठीत.

आईने तिच्या मुठीतून चावी हिसकली, फिरवली, खटका वर केला. इंजिन खोकलं, धरलं. पंखे हलले. शेडचं दार उघडताच गरम, आंबूस वाफ तोंडावर आली. मागच्या कोपऱ्यात कमरेएवढा पांढरा ढीग झाला होता. वरचे पक्षी अजून हलत होते. आईने दोन्ही हातांनी उपसायला सुरुवात केली. जिवंत तो मागे फेकायचा, मेलेला बाजूला. जिवंतांपेक्षा मेलेल्यांचं अंग जास्त कढत लागत होतं. नखांनी हात फाटले, घामाने डोळे मिटले जात होते.

"पाणी आण गं! पाइप आण!"

थोरली दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"पाइप!"

"नाही," ती म्हणाली. पण आवाज चिरका निघाला. आईने मान वळवून बघितलं. पोरीचा चेहरा खडूसारखा झाला होता.

"हात लावत होते मी खटक्याला," ती म्हणाली. "लावत होते. मग वाटलं, तू विचार करत असशील, ही नाहीच करणार. मग नाही लावला." आणि मग, घाईघाईने, "सांग बाबांना. मारू दे. आता मारू दे मला."

आईने तिच्याकडे बघितलं. चावी देताना अडलेला आपला हात तिला आठवला. त्याने पोरीचं कृत्य माफ होत नव्हतं, भाजलेला तळवा बरा होत नव्हता. पण ते तिला आठवलं खरं.

"बाजूला हो," ती म्हणाली आणि स्वतःच पाइप आणायला गेली.

बाप आला तेव्हा ऊन कललं होतं. धाकट्याला नर्सबाईंनी शिंपिणीकडे आणून सोडलं होतं. दाराबाहेर मेलेल्या पक्ष्यांची रांग घातलेली. त्याच्या खांद्यावरून पोतं आपोआप खाली आलं. त्याने एकदा त्या रांगेकडे बघितलं, एकदा जनरेटरकडे, मग थोरलीकडे. विचारायची गरज पडली नाही. खुंटीला जनरेटरचा जुना पट्टा टांगला होता, रबरी, जाड. तो त्याने काढला.

थोरली हलली नाही. हनुवटी वर करून उभी राहिली.

पट्टा हवेत गेला आणि आई मध्ये शिरली. तडाखा तिच्या मनगटावर बसला. कातडी फाटली.

"सरक!"

"नाही सरकत."

"आज जीव घेतो हिचा. सरक म्हणतो ना!"

"वर्ष झालं मारताय. कमी झालं का?" आईचा आवाज मोठा नव्हता, हात दुखत होता म्हणून दातांतून येत होता. "तुम्ही बडवत राहिलात, मी झाकत राहिले. दोन्हीने वाढलंच ना? धाकट्याचा हात हिने तापल्या पत्र्यावर दाबून धरला. कळतंय का? हा हट्ट नाही. वाह्यातपणा पण नाही. पोरीला काहीतरी होतंय आणि आपल्याला ते ओळखता आलं नाही. दाखवायचंय हिला. बुधवारी, जिल्ह्याला, मनाच्या डॉक्टरला."

"वेड्यांच्या दवाखान्यात? लोक तोंडात शेण घालतील!"

"लोकांनी येऊन मधे घालावा मग हात."

बाप पट्टा घेऊन तसाच उभा राहिला. आईच्या मनगटातून रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं, त्याच्याकडे तो बघत होता. मग पट्टा टाकून तो कुदळ घ्यायला गेला.

खड्डा शेडच्या मागे खणायचा होता. जमीन दगडासारखी झालेली. कुदळीचा प्रत्येक घाव उसळून परत यायचा. तो खणत होता, आई एका हाताने माती ओढत होती. कंपनीला काय सांगायचं, पुढची पिल्लं देतील की नाही, यातलं कुणी काही बोललं नाही. कमरेइतका खड्डा झाल्यावर तो थांबला, घाम निपटला आणि खड्ड्यातूनच विचारलं, "दाबून धरला?"

"मनगटावर बोटं उठलीत."

तो पुन्हा खणायला लागला. बऱ्याच वेळाने, पाठ वळवूनच, म्हणाला, "बुधवारी किती वाजता बसते ती डॉक्टर?"

*

उरलेले पक्षी कंपनीची गाडी घेऊन गेल्यावर बुधवारी, धाकट्याला शिंपिणीकडे ठेवून, तिघं गेली. थोरली यायला तयार नव्हती. आईने ओढलं नाही, धमकावलं नाही. "आम्ही दोघं चाललोय. तू आलीस तर बरं," एवढंच म्हणून चालायला लागली. स्टँडवर गाडी लागली तेव्हा मागे बघितलं तर थोरली आली होती, आपण यांच्यातल्या नाहीच अशी लांब उभी.

डॉक्टर तरुण होती. तिने आधी थोरलीला एकटीला आत घेतलं, बराच वेळ. मग तिला बाहेर बसवून दोघांना बोलावलं.

"हट्टी तर सगळीच पोरं असतात," ती म्हणाली. "आम्ही बघतो ते किती काळ चाललंय, किती ठिकाणी, आणि त्यात कुणाला इजा होते का. तुमच्या मुलीचं तिन्ही बाजूंनी गंभीर आहे. वेळेवर आणलंत असं मी म्हणणार नाही. पण आणलंत."

"औषध द्या काय ते," बाप म्हणाला.

"नुसत्या औषधाने हे जात नाही. तिला दर आठवड्याला यावं लागेल. तुम्हा दोघांनाही. धाकट्याला तिच्याबरोबर एकटं ठेवायचं नाही, सध्या तरी. सांगायचं ते एकदाच, थोडक्यात. आणि पाळलं नाही तर काय होईल ते आधी ठरवायचं, रागात नाही. आणि हात उचलायचा नाही. अजिबात."

"आम्ही कशाला यायचं? आजार तिला आहे."

"ती राहते कुणाबरोबर?"

बापाला पटलं नव्हतं. खुर्ची मागे सारून तो बाहेर आला; आई मागून.

बाकावर थोरली बसली होती. डोळे सुजलेले, नजर जमिनीवर. तिच्या डोक्याच्या वर, भिंतीतल्या खुंटीला त्यांची पिशवी अडकवलेली होती. बाप पुढे झाला आणि पिशवी काढायला त्याने हात वर केला.

थोरलीचे दोन्ही हात एकदम डोक्यावर गेले. कोपरं पुढे, मान आत, डोळे घट्ट मिटलेले. सगळी मिळून ती एवढीशी झाली, धाकट्याएवढी.

बापाचा हात हवेतच राहिला. बाकावरची माणसं बघत होती. पलीकडच्या बाईने आपलं पोर जवळ ओढलं. वर्षभर मारताना त्याने तिचं हे कधी बघितलं नव्हतं. तेव्हा ती हनुवटी वर करून उभी असायची. त्याने हात हळूहळू, तिला दिसेल असा, खाली घेतला. पिशवी खुंटीलाच राहिली.

थोरलीने डोळे उघडले. काय झालं ते तिला कळलं. ती रागाने लाल झाली, उठली आणि तरातरा दाराबाहेर निघून गेली.

बाप वळून डॉक्टरच्या दारात गेला. आत शिरला नाही, चौकटीला धरून म्हणाला, "पुढच्या बुधवारी मी येतो. आम्ही येतो."

परतीची गाडी भरलेली होती. थोरली सगळ्यांच्या आधी चढली आणि पुढच्या बाजूला खिडकीपाशी एकटी बसली. शेजारच्या जागेवर तिने पाय पसरले. आईबापांना मागे जागा मिळाली. गाडी हलली. एक म्हातारा काठी टेकत तिच्यापाशी आला, बसू का म्हणाला. तिने खिडकीबाहेर बघितलं. कंडक्टर म्हणाला, पाय खाली घे गं. तिने घेतले नाहीत. तिकीट काढ म्हणाला. तिने काढलं नाही.

कंडक्टर वैतागला. सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं ओरडला, "अरे, कुणाची आहे ही पोरगी?"

माना वळल्या. कुणीतरी हसलं. आईने नवऱ्याकडे बघितलं. त्याच्या जबड्याचा स्नायू हलत होता, मुठी गुडघ्यांवर आवळल्या होत्या. ती मुकाट वाट बघत राहिली. पुढच्या खिडकीपाशी थोरली पण वाट बघत होती. तिचे खांदे ताठ झाले होते.

बाप उठला. वरचा दांडा धरून, तोल सावरत, माणसांतून पुढे गेला. तिच्यापासून हातभर लांब थांबला आणि दोन्ही हात वर, दांड्यावरच ठेवले.

"आमची आहे," तो कंडक्टरला म्हणाला. "तीन तिकिटं द्या." म्हाताऱ्याकडे वळून म्हणाला, "बाबा, तुम्ही माझ्या जागेवर बसा. मागे आहे."

थोरलीने मान फिरवली नाही. पाय पण खाली घेतले नाहीत. गाव येईपर्यंत बाप तिथेच, तिच्या बाजूला उभा राहिला.